सारिकाचा डावा डोळा

“उत्तर चुकलं असं वाटलं तरी खोडायचं नाही,” चौगुलेबाई म्हणाल्या. “मनात पहिलं जे येईल त्यावर खूण करायची. इथं कुणी पास-नापास होत नाही.”

इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर आम्ही सगळे परीक्षेला बसल्यासारखे बसलो होतो. नर्सेस होत्या, चष्म्याचे नंबर काढणारे होते, केसपेपरच्या खिडकीतले दोघे होते, आणि शेवटच्या बाकावर मी आणि कुमुदताई. चौगुलेबाई गावातल्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. आमच्या ट्रस्टला दुसरी शाखा काढायची होती, तिथं कुणाला पाठवायचं याचा विचार चालला होता, आणि कुणा विश्वस्ताच्या डोक्यातून ही व्यक्तिमत्त्व चाचणी निघाली होती.

प्रश्न साधेच होते. हातातलं काम मनासारखं झाल्याशिवाय सोडवत नाही का? वस्तू जागच्या जागी नसली तर अस्वस्थ होता का? यावर मी ‘हो’, ‘हो’ करत गेले. मग आलं : चूक झाली तर तुम्हाला तिचा फार त्रास होतो का? मी पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडलं. टोकयंत्र मागायला वळले तर कुमुदताई पान उलटायच्या बेतात होत्या. त्यांची खूण ‘नाही’वर होती. रेघ सरळ, बारीक, चौकोनाच्या बरोबर मधोमध.

मला त्यांचा हेवा वाटला.

तेव्हा मी नुकतीच चित्रकलेची पदविका घेऊन तिथं लागले होते. कृष्णाकाठचं आमचं ते धर्मादाय डोळ्यांचं इस्पितळ, आणि त्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांमध्ये कृत्रिम डोळ्यांचा विभाग. सगळे त्याला डोळ्यांची खोली म्हणत. ज्यांचा एखादा डोळा काढावा लागला असेल त्यांच्यासाठी आम्ही अॅक्रिलिकचा डोळा करायचो. खोबणीचा साचा घ्यायचा, मेणात आकार उतरवायचा, मग दुसऱ्या डोळ्याकडे बघत बुबुळ रंगवायचं. पांढऱ्यावर लाल रेशमाचे तंतू चिकटवून शिरा करायच्या. सगळ्यात शेवटी वर पारदर्शक थर चढवून पॉलिश. कुमुदिनी तारळेकर, म्हणजे कुमुदताई, हे पुण्याला शिकून आल्या होत्या. चाळिशीच्या, एकट्या, इस्त्रीच्या सुती साड्या नेसणाऱ्या. त्यांनी केलेला डोळा बसवला की सख्खा भाऊसुद्धा गोंधळायचा.

निकाल आला तेव्हा हेर्लेकर डॉक्टरांनी आम्हा दोघींना आपल्या खोलीत बोलावलं. ते इस्पितळाचे प्रमुख होते. चौगुलेबाई तिथं होत्याच. त्यांनी एका कागदावर दोन उभ्या रेघा ओढल्या.

“ही पहिली रेघ काम उत्तम करायच्या ओढीची,” त्या म्हणाल्या. “यात तुम्ही दोघी जवळजवळ सारख्या आहात. आख्ख्या इस्पितळात तुमच्याएवढी कुणाचीच नाही. ही दुसरी रेघ चुकीच्या धास्तीची. पहिली असून दुसरी नसेल तर माणूस सुंदर काम करतो आणि घरी जाऊन शांत झोपतो. तो निरोगी आग्रह. दोन्ही असल्या तर कामं होतात, पण माणूस आतून झिजतो.”

“म्हणजे मी,” मी म्हणाले.

“तुमची दुसरी रेघ फार उंच आहे, मगदूम. जपायला हवं. तारळेकरबाईंची जवळपास नाहीच. मी वर्गात शिकवते ना, तसं अगदी पुस्तकातलं उदाहरण.”

डॉक्टर खूश झाले. “मग नव्या शाखेचं ठरलंच म्हणायचं.”

जिना उतरताना कुमुदताईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “मनाला लावून घेऊ नकोस, शैला. तुझा हात चांगला आहे. भीती काय, जाईल हळूहळू.”

त्या हाताचा मला खरंच आधार वाटला होता. हे सांगायला हवं, कारण पुढं जे झालं त्यात कुमुदताई वाईट होत्या असं कुणाला वाटेल. त्या वाईट नव्हत्या.

सारिका आमच्याकडं आली ती पौष महिन्यात. दुसरीतली मुलगी. दिवाळीत भुईनळा तोंडावर फुटला आणि डावा डोळा काढावा लागला. जखम भरल्यावर तिची आई शेवंता तिला घेऊन आली. नदीपलीकडच्या गावातली माणसं, वडील साखर कारखान्यात. पोरगी डाव्या बाजूचे केस पुढं ओढून, भिंतीच्या कडेनं चालायची.

“शाळंत जात न्हाई म्हणती,” शेवंता म्हणाली. “पोरं काणी म्हणत्यात.”

कुमुदताईंनी तिला खुर्चीत बसवलं, स्वतः खाली स्टुलावर बसल्या, म्हणजे दोघींची तोंडं समोरासमोर आली. “सारिका, माझ्याकडं बघ. मी तुला असा डोळा करून देईन की तुझ्या आईलासुद्धा सांगता येणार नाही कोणता कुठला.”

पोरीनं पहिल्यांदा केस मागं सारले.

डोळा झाला, बसवला. आरशात बघून सारिका इतका वेळ गप्प राहिली की शेवंताच रडायला लागली. “माझी पोरगी परत दिलीसा ताई,” असं म्हणत ती पाया पडायला वाकली. मलाही भरून आलं. मग कुमुदताई म्हणाल्या, “थांबा, उन्हात बघू,” आणि सारिकाला अंगणात घेऊन गेल्या.

खोलीतल्या उजेडात दोन्ही डोळे जुळे होते. उन्हात उजव्या डोळ्याची बाहुली तिळाएवढी झाली आणि भोवती सगळा तपकिरी रंग पसरला. डाव्याची बाहुली आम्ही रंगवली तेवढीच राहिली. एका चेहऱ्यात दोन माणसं बघत असल्यासारखं दिसलं. यात नवीन काही नव्हतं. रंगवलेली बाहुली उजेडानं लहान-मोठी होत नाही, हे आम्ही प्रत्येक पेशंटला आधीच समजावून सांगत असू. सारिकाच्या बाबतीत फरक जरा जास्त उठून दिसत होता, कारण तिचे डोळे फिके होते, मधासारखे.

“जरा काम राहिलंय,” कुमुदताई म्हणाल्या. डोळा काढून घेतला, खोबण आक्रसू नये म्हणून साधी पारदर्शक वाटी बसवली. “पुढच्या आठवड्यात या.”

पुढच्या आठवड्यात बाहुली लहान केलेला डोळा झाला. तो उन्हात जुळला आणि सावलीत बिघडला. मग मधल्या मापाचा. मग रंग गडद करून. शेवंता दर खेपेला मजुरी बुडवून यायची आणि पोरीला तशीच परत न्यायची. सारिका पुन्हा केस पुढं ओढायला लागली होती.

एकदा रेशमाचा गुंडा शोधायला मी कुमुदताईंच्या टेबलाचा खण ओढला. आत कापसावर सारिकाचे डोळे ओळीनं मांडले होते. सगळे डावे, सगळे मधाच्या रंगाचे, ओळीच्या सुरुवातीला बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, मग मोठी, आणखी मोठी. ते सगळे माझ्याकडं बघत होते. इतकी वर्षं डोळे हाताळतेय मी, पण पुन्हा कधी मला तशी भीती वाटली नाही. मी खण ढकलून दिला.

“ताई,” मी त्यांना म्हणाले, “आपला रंगवलेला आहे. तिचा जिवंत आहे. तो दिवसभर बदलत राहणार.”

“माहीत आहे मला.”

“मग पहिला होता तोच देऊन टाकू या ना. पोरगी आनंदात होती.”

त्या ब्रश पुसत होत्या. आवाज जराही चढला नाही. “मी तिला शब्द दिलाय, शैला. माझ्याकडून कुणी आजवर कमी-जास्त घेऊन गेलेलं नाही.”

त्या दिवसांत त्या चिडल्या, थकल्या, रडल्या असं काही झालं नाही. तसं काही दिसलं असतं तर मी कुणाला तरी बोलले असते. त्या वेळेवर यायच्या, डबा खायच्या, माझ्या कामातल्या बारीकसारीक गोष्टी हसून दाखवून द्यायच्या.

आणि एके दिवशी त्या म्हणाल्या, “जमलं.”

सारिका आणि शेवंता आल्या होत्या. कुमुदताईंनी त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं. मी पॉलिशच्या चाकावर होते. त्या मायलेकी मागच्या व्हरांड्यातून कधी गेल्या ते मला कळलंही नाही. कुमुदताई बाहेर आल्या, ब्रश धुतले, तो खण मोकळा केला. आतले डोळे कुठं टाकले ते मी विचारलं नाही. संध्याकाळी त्यांनी सगळ्यांसाठी भडंग मागवली आणि नर्सेसच्या गप्पांत मोकळेपणानं हसत बसल्या.

फाल्गुनात त्या नव्या शाखेची जागा बघायला बाहेरगावी गेल्या. परत यायची वेळ दुपारची होती. सकाळी शेवंता आली, सोबत सारिका.

“ताई न्हाईत व्हय?” तिनं पदराच्या गाठीतून एक छोटी बाटली काढली. “ह्यातलं औशद सपलंय बघा.”

“कसलं औषध?”

“डोळ्यात घालायचं. रोज सकाळी एक थेंब. ताईंनीच दिल्यालं.”

कृत्रिम डोळ्याला कसलं औषध लागतं, या विचारात मी सारिकाकडं वळले. ती कपाळावर हात आडवा धरून खुर्चीत बसली होती. मी हात बाजूला केला, हनुवटी वर केली.

दोन्ही डोळे अगदी सारखे होते. मोठ्या काळ्याभोर बाहुल्या, भोवती मधाची बारीक कड. मी तिला खिडकीशी नेलं. बाहेर रणरणतं ऊन. बाहुल्या तशाच राहिल्या. मी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. माझं काम डोळ्यांचं. तरीही क्षणभर मला खरोखर कळेना की या पोरीचा खरा डोळा कोणता.

शेवंता मागं अभिमानानं हसली. “तुमास्नी बी वळखंना न्हवं? गावात कुणालाच वळखत न्हाई.”

मी विजेरी आणली. उजव्या डोळ्यावर झोत टाकला, तशी सारिका कळवळून मागं झाली. बाहुली हलली नाही. डाव्यावर टाकला. तीही हलली नाही. दोन्ही बाहुल्यांमध्ये विजेरीचा ठिपका तेवढा चमकत होता.

“सारिका, तुला दिसतंय ना?”

“दिसतंय,” ती म्हणाली. “पुसल्यावानी.”

मी समोर कॅलेंडर धरलं. तिला आकडे वाचता येईनात. शेवंताच बोलली, “भिताडाला धडकती वो अधनंमधनं. उनात तर डोळंच उघडत न्हाई. फळ्यावरचं बी दिसंना म्हणती. पर ताई म्हणाल्या, सवय हुईस्तोवर असंच ऱ्हाणार.”

मी ती बाटली घेऊन हेर्लेकर डॉक्टरांकडं अक्षरशः धावत गेले. डोळे तपासण्याआधी बाहुली मोठी करायला जे थेंब घालतात, ते आमच्या इस्पितळात प्रत्येक टेबलावर असायचे. त्यातलंच सगळ्यात जास्त टिकणारं औषध त्या बाटलीत होतं. खोट्या डोळ्याची बाहुली हलत नाही, म्हणून कुमुदताईंनी खऱ्या डोळ्याची बाहुली थांबवली होती. आणि मग तिच्या मापानं डावा डोळा रंगवला होता. पोरीला दिसायला तो उजवा एकच डोळा होता.

डॉक्टरांनी सारिकाला तपासलं, बराच वेळ. “थेंब बंद केले की उतरेल,” ते म्हणाले. “दहा-पंधरा दिवस लागतील. आणखी काही महिने चाललं असतं तर काय झालं असतं, मला माहीत नाही.”

कुमुदताई दुपारी आल्या तेव्हा आम्ही सगळे डोळ्यांच्या खोलीतच होतो. त्यांनी पिशवी खुंटीला लावली, सारिकाला बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. सरळ तिच्यापाशी जाऊन त्यांनी तिची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडं वळवलं.

“बघितलंस, शैला?” त्या म्हणाल्या. “आता सांग कोणता.”

डॉक्टर म्हणाले, “कुमुदताई, तिला दिसत नाहीये.”

“दिसतं थोडं. जवळचं जरा कमी दिसतं.”

“हे औषध तुम्ही दिलंत?”

“हो.” काही लपवावं असं त्यांच्या मनातही नव्हतं. “डोळ्याला इजा नाही त्यानं.”

“मुलगी शाळेत जाते. फळा वाचता येत नाही तिला. उन्हात चालता येत नाही.”

“शाळेत जाते ना पण,” कुमुदताई म्हणाल्या. “आधी जात नव्हती.” मग खाली वाकून त्यांनी मायेनं विचारलं, “काय गं, चिडवतं का कुणी आता?”

सारिकानं मान हलवली. नाही.

“मग चूक कुठं आहे?” कुमुदताईंनी आमच्या सगळ्यांकडं आळीपाळीनं पाहिलं. त्या भांडत नव्हत्या. कुणी खरंच दाखवून दिली असती तर त्यांनी बसून ती दुरुस्त केली असती. “कुणीतरी मला दाखवा.”

शेवंताला एवढ्यात सगळं समजलं होतं. तिनं पोरीला ओढून पदराखाली घेतलं आणि ती दारापर्यंत मागं सरकत गेली, कुमुदताईंवरची नजर न काढता.

“थेंब बंद करायचे, सारिका,” मी म्हणाले. “मग छान दिसेल तुला.”

पदराखालून तिचा आवाज आला. “मग पोरं परत चिडवतील.”

कुमुदताईंनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. आपलं म्हणणं बरोबर ठरल्यावर माणूस बघतो तसं त्यांनी बघितलं.

त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. डॉक्टरांनी बाहेर वाच्यता केली नाही. शेवंतानंही तक्रार केली नाही; पण त्यानंतर इस्पितळातलं कुठलंही औषध ती मला दाखवल्याशिवाय पोरीला द्यायची नाही. सारिकाचा डोळा पूर्ववत झाला. पहिला डोळा होता तसाच मी पुन्हा केला आणि तिला तो बसवला.

पुढं महिन्याभरानं चौगुलेबाई आल्या. कुमुदताईंच्या रिकाम्या स्टुलावर बसायला त्या तयार होईनात, उभ्याच राहिल्या.

“मी त्यांच्या घरी जाऊन आले,” त्या म्हणाल्या. “फार वाचन केलं मी या विषयाचं, मगदूम. पण मला एक समजेना. चुकीची धास्ती नाही असं ज्या बाईचं उत्तर आलं, तिच्या हातून हे कसं झालं? म्हणून मी सरळ विचारलं. म्हटलं, चूक झाली तर फार त्रास होतो का, या प्रश्नाला तुम्ही ‘नाही’ म्हणालात. खोटं लिहिलंत का?”

“त्या खोटं नाही बोलत.”

“तेच ना. म्हणाल्या, चूक मी राहूच देत नाही. मग त्रास कसला होणार?” चौगुलेबाईंनी त्या स्टुलाकडं पाहिलं. “मला वाटलं होतं, या बाईला चुकीची भीती नाही. ती चुकीसमोर कधी उभीच राहिली नव्हती. प्रश्न तोच, खूण तीच. मी कागदावर निरोगी असं लिहून दिलं.”

“मग माझी ती भीतीची रेघ? ती बरी म्हणायची का?”

“नाही हो,” त्या थकून म्हणाल्या. “ती वाईटच. तुम्ही जपाच.”

त्यांचं बरोबर होतं. ती भीती मला पुढं आयुष्यभर पुरली. डोळा बसवून पेशंट घरी गेला तरी मी दोन दिवस त्याच्या बाहुलीचं माप मनात काढत राहायचे. पण दर वेळी कुठंतरी मी हात थांबवला. थांबवताना दर वेळी चुकल्यासारखं वाटलं.

कुमुदताई गडहिंग्लजला भावाकडं राहायला गेल्या. मी एकदाच गेले भेटायला. त्यांनी चहा केला, इस्पितळातल्या सगळ्यांची चौकशी केली, सारिकाचं नाव काढलं नाही. निघताना दारातल्या उजेडात त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, मायेनं बघतायत. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, “तुझेही दोन डोळे सारखे नाहीत गं.” पुढं काही वर्षांनी त्या गेल्याचं कळलं.

मूल वाढतं तशी खोबण वाढते, डोळा बदलावा लागतो. सारिकाचे पुढचे सगळे डोळे मीच केले. ती शिकली, तलाठी कार्यालयात लागली, लग्न ठरलं. लग्नाआधी ती नव्या डोळ्यासाठी आली, तेव्हा शेवंता बाहेर बाकावर बसली होती आणि आत आम्ही दोघीच होतो. मी बुबुळ रंगवत होते. ती समोर, खिडकीच्या उजेडात.

“मावशी, मला ते दिवस आठवतात,” ती एकदम म्हणाली.

“कुठले?”

“थेंबांचे. आई अजून शिव्या देते त्या ताईंना. मला फळा दिसायचा नाही, पोरांची तोंडं दिसायची नाहीत. सगळं धुरकट. पण वर्गात मी मान वर करून बसायचे. तसं मग कधी बसले नाही.”

मी ब्रश खाली ठेवला.

“त्यांना माहीत आहे ना सगळं?” मी विचारलं. म्हणजे होणाऱ्या नवऱ्याला.

“माहीत आहे. त्यांचं काहीच म्हणणं नाही.” ती थोडी हसली, मग हसू ओसरलं. “लग्न दुपारचं आहे, मांडव उघडा. फोटो काढतील. मावशी, ते औषध अजून मिळतं का? एका दिवसापुरतं. एकच थेंब.”

तिनं तोंड माझ्याकडं केलं होतं. उजेड तिच्या उजव्या बाजूनं येत होता, त्या डोळ्याची बाहुली बारीक झाली होती, आणि डावा डोळा आपला शांत, मोठा, माझ्या हातचा. मला दोन्हींतला फरक दिसत होता. तो काढून कसा टाकायचा तेही मला माहीत होतं. बाटली शेजारच्या खोलीत टेबलावर होती.

मी तिला नाही म्हणाले. पण म्हणायला मला वेळ लागला, आणि सारिकानं तो वेळ बघितला.